‘त्यांना शुगर होती’ एवढ्यावर विषय मिटत नाही



हरभऱ्यात मर दिसायला लागलीय. सकाळी खालच्या तुकड्यातली वाळलेली झाडं उपटत होतो, तर दोघंजण बांधावर येऊन टेकले. पहिला प्रश्न, "बियाण्याला ट्रायकोडर्मा लावलं होतं का?" बरोबर आहे, हेच विचारायला पाहिजे. बोलता बोलता आमच्या नानांचा विषय निघाला आणि तेच दोघं म्हणाले, "त्यांना शुगर होती ना, म्हणून गेले कोरोनात."

झाड मेलं तर आपलं काय करायचं राहिलं ते शोधायचं, आणि माणूस मेला तर त्याच्यातच खोट होती म्हणून मोकळं व्हायचं? २०२१ पासून ऐकतोय. आज लिहितोच.

नाना म्हणजे माझे चुलते, वय ५८. "घाम गाळणाऱ्याला कोरोना शिवत नाही" हे त्यांचं मत, आणि निम्म्या गावाचंही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पाहणी आली. आशाताईंनी दारात विचारलं, शुगर-बीपी काही? नाना म्हणाले, "मला काय धाड भरलीय!" खोटं नव्हते बोलत. कधी तपासलीच नव्हती. रात्री चार-चारदा लघवीला उठायचे, आम्ही म्हणायचो वय झालं.

१ एप्रिल २०२१ पासून ४५ वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. नाना म्हणाले, कांदा निघू दे, मग बघू.

मग ताप. पाच दिवस घरीच, सलाईन आणि गोळ्यांवर. दम लागत नव्हता म्हणून आम्ही निवांत. शेजाऱ्याचा ऑक्सिमीटर लावला तर ८४! माणूस खाटेवर बसून चहा पीत होता. ह्या आजारात ऑक्सिजन उतरला तरी दम लागेलच असं नाही, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक. दवाखान्यात शुगर निघाली ३८०. कागद नंतर वाचले, घरच्या औषधात दुसऱ्याच दिवसापासून स्टिरॉइड होतं. ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला स्टिरॉइडनं जीवदान मिळतं, न लागणाऱ्याला फायदा नाही, हे जून २०२० मध्येच इंग्लंडातल्या चाचणीनं दाखवलं होतं. आणि स्टिरॉइड शुगर चढवतं, हे तर कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं.

आता आकड्यांचं बोलू. इंग्लंडात १ कोटी ७२ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. कोरोनानं मरण्याचा धोका सगळ्यात जास्त वाढतो तो वयानं. पन्नाशीतल्यापेक्षा ऐंशीच्या पुढच्याला वीसपट. पुरुषांना बायकांपेक्षा दीडपटीहून जास्त. वय काही आपल्या हातात नाही, मान्य. पण शुगरचं बघा. शुगर नसलेल्याच्या तुलनेत, आटोक्यात असलेल्याला धोका साधारण १.३ पट, आणि आटोक्याबाहेर असलेल्याला जवळजवळ दुप्पट. म्हणजे नुसती ‘शुगर होती’ म्हणून भागत नाही, किती होती आणि कुणी मोजली होती का ते सांगा. दुप्पट धोका म्हणजे मरण ठरलेलं असंही नाही. त्याच वॉर्डातून शुगरवाले चालत घरी गेलेले मी बघितलेत. ते लवकर आले होते.

पेपरात लिहून यायचं, ‘मृतास सहव्याधी होत्या’. वाचणाऱ्याला वाटायचं, आपल्याला नाहीत, सुटलो. अरे, तपासलं कुणी? मोटरचा व्होल्टेज दिवसातून तीनदा बघतो आपण!

दवाखान्याचा, घरच्या डॉक्टरचा दोष होता का? होता थोडा. पण पाच दिवस खाटेशेजारी मीच बसलो होतो. ते ओझं कुणावर ढकलत नाही.

आपल्या उपकेंद्रात तिशीपुढच्यांची शुगर-बीपी फुकट तपासतात. मी मंगळवारी उपाशीपोटी जाणार आहे. त्या बांधावरच्या दोघांनाही बसवलंय गाडीत, एक कुरकुरतोय. आणखी एकाची जागा आहे, साडेसातला पारापाशी या. दहाच्या आत परत यायचंय, हरभऱ्याच्या मुळाशी ट्रायकोडर्माची आळवणी करायची आहे.