जिन्नस बदलताना

मुलगी शिकायला शहरात गेली की सुट्टीत येताना वहीत एखादी नवी कृती उतरवून आणते. अशीच एक कृती स्कोनची. स्कोन म्हणजे मूळचा स्कॉटलंडमधला गोल, मऊ, किंचित गोड पाव. नाव विलायती असले तरी पदार्थ शेतकऱ्याच्या घरचाच. तिकडे घरोघरी भट्टी नव्हती तेव्हा तो लोखंडी तव्यावरच भाजत.

वहीतल्या यादीत मात्र मैदा, बटर, बेकिंग पावडर, अंडे असते. गावात यातले निम्मे मिळत नाही. मग ‘हे नाही तर ते घाला’ सुरू होते आणि तिथेच फसगत होते. माझी झाली ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी कपाशीवरची कीड पाहायला एका गावी गेलो होतो. चहाला थांबलो त्या घरी सूनबाई स्कोन करीत होत्या. बेकिंग पावडर नव्हती. ‘‘तेवढाच सोडा घाला की,’’ मी सहज बोललो. त्यांनी दोन चमचे सोडा घालून पीठ दुधात भिजवले. स्कोन पिवळट झाले. सासूबाई पहिल्याच घासाला म्हणाल्या, ‘‘साहेब, ह्याला तर साबणाचा वास मारतोय!’’ आठ दिवसांच्या सायीचे लोणी वाया गेले. चूक माझी, बोलणी मात्र सुनेला. ‘‘मावशी, हे माझ्या सांगण्याने बिघडलं,’’ असे मी तिथेच कबूल केले. पण गेलेले लोणी थोडेच परत येते?

युरियात नत्र 46 टक्के, अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे 21 टक्के. म्हणून गोणीला गोणी बदलू नका, आत काय आहे ते पाहा, असे मी शेतात रोज सांगतो. स्वयंपाकघरात तेच विसरलो.

बेकिंग पावडरीत खाण्याचा सोडा आणि आंबट क्षार दोन्ही असतात. सोड्याला आंबट मिळाले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. आंबट न मिळता सोडा तापला तर त्याचा धुण्याचा सोडा होतो. साबणासारखी चव येते ती त्याची. म्हणून एक चमचा बेकिंग पावडरीच्या जागी पावच चमचा सोडा घ्यावा आणि दुधाऐवजी आंबट ताक वापरावे.

बटरऐवजी घरचे लोणी चालते, मात्र त्यातले ताक नीट काढून टाका. तूप घ्यायचे तर 50 ग्रॅम बटरच्या जागी 40 ग्रॅम पुरे, कारण बटरमध्ये पाणी असते, तुपात नसते. तूप थिजलेले घ्या. मैद्याऐवजी कणीक घेतल्यास ताक थोडे जास्त लागते. नाचणीचे पीठ चौथ्या हिश्श्यापर्यंतच मिसळा. तिला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने जास्त घातली की स्कोन भुगा होतात. साखरेऐवजी गूळ किसून ताकात विरघळवा आणि ताक चमचाभर कमी करा. अंडे वगळले तरी चालते.

प्रमाण असे : पाव किलो कणीक, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, 50 ग्रॅम लोणी आणि लहान वाटीभर आंबट ताक. सोडा व मीठ कणकेबरोबर चाळून घ्या. साखर मिसळा, लोणी बोटांनी चोळा, मग लागेल तसे ताक घालून पीठ नुसते गोळा करा. पोळीच्या कणकेसारखे मळू नका, स्कोन चिवट होतात. बोटभर जाड थापून तुकडे पाडा आणि लगेच मंद आचेवर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे भाजा. पीठ ठेवून दिले तर वायू निघून जातो.

तेव्हा जिन्नस बदलण्याआधी तो पदार्थात कोणते काम करतो ते विचारा आणि पहिल्या खेपेस निम्म्याच प्रमाणात करून पाहा. बिघडलेच तर लोणी थोडे जाईल आणि घरात बोलणीही कमी बसतील.