भुकेची चिठ्ठी आणि अर्धे बंड

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही कुमारांसाठीची कादंबरी २००८ साली प्रसिद्ध झाली. भविष्यातील एका जुलमी राज्यात बारा जिल्ह्यांतून दरवर्षी चोवीस मुले चिठ्ठ्या काढून निवडली जातात आणि राजधानीच्या करमणुकीसाठी परस्परांना ठार मारण्यास भाग पाडली जातात. चिठ्ठी सर्वांना सारखी, असा राज्यकर्त्यांचा दावा. पण धान्याच्या मोबदल्यात गरीब मुलांना आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. कायद्याच्या समतेला भूक कशी पोखरते, हे इतक्या नेमकेपणाने सांगणे अनेक प्रचारपुस्तिकांनाही साधलेले नाही.

मे २०१४ मध्ये थायलंडच्या लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा निदर्शकांनी याच कथेतील तीन बोटांची सलामी उचलली. तिच्यापायी विद्यार्थी पकडले गेले. २०२१ साली म्यानमारच्या तरुणांनीही ती उंचावली.

मग उणीव कोठे? खाणकामगाराची मुलगी कॅटनिस हिच्या धनुष्यावर सारी भिस्त आहे; खाणकामगार संघटना कशी बांधतात, हे मात्र जवळजवळ दिसत नाही. बंडाची नेती जुन्या हुकूमशहाच्याच वाटेने जाते, हा इशारा रास्तच. परंतु तिचा वध करून नायिका अखेर घरसंसारात विसावते आणि नवे राज्य कोणी, कसे चालवावे, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

जुलूम ओळखण्याची दृष्टी हे पुस्तक देते. सलामीनंतरचे सभा, वर्गणी, मतभेद यांचे रटाळ काम शिकवणे ही कार्यकर्त्यांची जबाबदारी आहे. तरुणांच्या हातातील हे पुस्तक हिणवू नये. आपण ते वाचावे आणि मग त्यांच्याशी बोलावे.