संगणक आणि आपली वडीलधारी मंडळी



आपल्या बेटावरील अनेक मराठी घरांत आज संगणक, म्हणजे घरातल्या भाषेत कॉम्प्युटर, येऊन बसला आहे. मुले त्यावर शाळेचा अभ्यास करतात, मुलगा आणि सून कचेरीचे काम करतात. मात्र त्याच घरातील साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी त्याच्याकडे दुरूनच पाहतात. बँकेचा हिशेब पाहायचा असो, विजेचे बिल भरायचे असो, की परदेशी गेलेल्या मुलीशी बोलायचे असो, नातवाला हाक मारावी लागते. नातू येतो, दोन मिनिटांत काम उरकतो आणि निघून जातो. काम होते, पण आजोबा होते तिथेच राहतात.

ही रीत आता बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक कारण स्वावलंबनाचे. बँकेचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देऊन जगणे कोणत्याही वयात बरे नव्हे. दुसरे कारण आपल्या भाषेचे आहे आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. आज आपल्या घरांत क्रेओल आणि फ्रेंच बोलली जाते. ज्यांना संगणक येतो त्या मुलांना मराठी थोडीच येते, आणि ज्यांना मराठी येते त्या वडीलधाऱ्यांना संगणक येत नाही. झाकरीची गाणी, लग्नातील विधींची नावे, घराण्यातील नातीगोती हे सगळे त्यांच्या तोंडी किंवा जुन्या वह्यांत आहे. ते लिहून ठेवायचे तर त्यांनीच लिहिले पाहिजे.

शिकवणाऱ्यांसाठी पहिला नियम असा: माउस तुमच्या हातात घेऊ नका. नवशिक्याच्या हातातून माउस काढून घेतला की त्या दिवसाचे शिक्षण तिथेच थांबते. तुम्ही शेजारी बसा, तोंडाने सांगा आणि धीर धरा. एका बैठकीत एकच गोष्ट शिकवा आणि ती तीन वेळा त्यांच्याकडून करून घ्या.

दुसरे असे की, घरात नवा संगणक आला की जुना खटारा आजोबांच्या खोलीत ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. नवशिक्याला तर चांगले यंत्र अधिक लागते. हळू चालणारा संगणक पाहून त्याला वाटते की चूक आपलीच झाली. शिवाय विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या जुन्या यंत्रावर बँकेचे काम करू नये.

आता वडीलधाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना.

बैठक आधी नीट करावी. पडद्यावर खिडकीचा उजेड पडणार नाही असे टेबल लावावे. पडदा हातभर अंतरावर असावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे जाते आणि संध्याकाळी दुखते. अशांनी पडदा थोडा खाली घ्यावा. अक्षरे बारीक वाटली तर डोळे ताणू नयेत. इंटरनेटवरील पान वाचताना कंट्रोलची कळ दाबून ठेवून अधिकच्या चिन्हाची कळ दाबली की अक्षरे मोठी होतात. कंट्रोल आणि शून्य दाबले की पूर्ववत होतात.

माउसची दोनदा टिचकी पुष्कळांना जमत नाही. बोट हलते आणि चित्र भलतीकडे सरकते. यावर सोपा उपाय आहे. चित्रावर एकदाच टिचकी द्यावी आणि कळफलकावरील एंटरची कळ दाबावी. काम तेच होते. हात बसण्यासाठी पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव उत्तम. तो विंडोजमध्ये १९९० सालापासून आहे. पत्ते उचलून ठेवता ठेवता माउस आपोआप वळणावर येतो. आजी पत्ते खेळत बसली आहे म्हणून कोणी हसू नये.

काही बिघडेल ही भीती मनातून काढावी. लिहिताना मजकूर नाहीसा झाला तर कंट्रोल आणि झेड दाबावे, शेवटची कृती मागे घेतली जाते. ही एक कळजोडी पहिल्याच दिवशी शिकावी. तिच्यामुळे निम्मी भीती जाते. तसेच एक शाळेची वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक कामाच्या पायऱ्या आपल्या हाताने, आपल्या शब्दांत उतरवाव्यात. नातवाने लिहून दिलेला कागद उपयोगी पडत नाही, कारण त्याला सोपे वाटते ते तो गाळतो.

आता मराठी लिहिण्याविषयी. संगणकावर देवनागरी लिहिता येत नाही असा समज अजूनही ऐकू येतो. तो खरा नाही. सर्व भाषांच्या अक्षरांना एकच क्रमांकपद्धती देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडून घ्यावी. त्यानंतर विंडोजची कळ आणि लांब पट्टीची कळ एकत्र दाबली की लिपी बदलते. आपण सवयीने रोमन अक्षरांत मराठी लिहीत असाल तर फोनेटिक कळफलक घ्यावा. रोमन अक्षरे टाइप करून देवनागरी उमटते.

ज्यांनी लहानपणी बाराखडी घोटली आहे त्यांना मी इन्स्क्रिप्ट कळफलक सुचवीन. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली प्रमाणित केला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. इंग्रजी कळफलकावर के दाबला की क, शिफ्टसह के दाबला की ख. आय दाबला की ग, शिफ्टसह घ. जोडाक्षरासाठी मध्ये डी दाबून पाय मोडायचा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ऱ्हस्व वेलांटी कागदावर आपण अक्षराच्या आधी काढतो, संगणकावर ती अक्षरानंतर टाकायची. ती आपणहून आपल्या जागी जाऊन बसते. काही घरांत फ्रेंच पद्धतीचा कळफलक असतो आणि त्यावर काही अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. म्हणून घरी कोणता आहे ते पाहून त्याच एकावर सराव करावा.

सावधगिरीचे चार शब्द. संगणकाला रोग जडला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, अशी पाटी पडद्यावर एकाएकी आली तर फोन करू नये. चालू-बंद करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी आणि संगणक बंद करावा. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी परवलीचा शब्द किंवा फोनवर आलेला क्रमांक विचारला तर फोन ठेवून द्यावा. सगळीकडे एकच सोपा शब्द वापरण्यापेक्षा वेगवेगळे लांब शब्द वहीत लिहून ती वही कपाटात कुलुपात ठेवलेली बरी.

आपण वादळांच्या बेटावर राहतो. १९६० च्या कॅरोलच्या आठवणी वडीलधारी मंडळी अजून सांगतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आले तेव्हा पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर पाणी कसे चढले ते आपण सर्वांनी पाहिले. वादळाची सूचना मिळताच संगणकाची आणि इंटरनेटची वायर भिंतीतून काढावी. जुनी छायाचित्रे आणि लिहिलेला मजकूर यांची एक प्रत छोट्या पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवावी. एकाच घरातील दोन प्रती एकाच पुरात भिजतात.

आपले पूर्वज कोकणातून जहाजाने आले आणि आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. त्यांची नावे फ्रेंच-इंग्रज कारकुनांच्या कानांना जशी ऐकू आली तशी वह्यांत उतरली, आणि पुष्कळ घराण्यांची आडनावे त्यांवरूनच पडली. स्थलांतराचे ते जुने दफ्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. पण कारकुनाने लिहिलेल्या नावामागे खरे मराठी नाव कोणते, पणजी कोणत्या गावाचे नाव घेत असे, हे त्या दफ्तरात सापडेलच असे नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असते, आणि ते देवनागरीत लिहिले तरच बरोबर उतरते.

म्हणून घरातील तरुण मंडळींना माझी विनंती आहे की, आठवड्यातून एक संध्याकाळ वडीलधाऱ्यांच्या शेजारी हात बांधून बसा. वडीलधाऱ्यांना विनंती ही की, वयाची सबब सांगू नका. गणेश चतुर्थीला आपण सारे एकत्र जमतोच. येत्या चतुर्थीपर्यंत प्रत्येक घरातील एका आजीने किंवा आजोबांनी एक पान, मग ते झाकरीचे गाणे असो की घराण्याची वंशावळ, स्वतःच्या बोटांनी देवनागरीत लिहून आणावे. पहिल्या पानात शुद्धलेखनाच्या चुका असतील तर असू द्यात, त्या मागाहून सुधारता येतील.