कसोटीचा दगड आणि गिऱ्हाईक

मध्यमवर्गीय मराठी घरात सोने हे हौसेचे जितके, त्याहून अधिक अडीअडचणीचे धन होय. मुलीच्या लग्नात केलेल्या पाटल्या पुढे कोणाच्या आजारपणात मोडीसाठी सराफाच्या काट्यावर जातात, आणि बावीस कॅरटचे म्हणून घेतलेले सोने अठराचेच भरते हे त्या दिवशी प्रथम उमगते. बावीस कॅरटच्या १० ग्रॅममध्ये शुद्ध सोने ९.१६ ग्रॅम, अठरा कॅरटच्या १० ग्रॅममध्ये ७.५ ग्रॅम. म्हणजे ४० ग्रॅमच्या पाटल्यांत साडेसहा ग्रॅमहून अधिक सोन्याची तूट! ती सोसावी लागते नेमकी संकटाच्या घडीला.

सोन्यात तांबे वा चांदी मिसळणे हा अपराध नव्हे. निर्भेळ सोने इतके मऊ असते की त्याचा दागिना अंगावर टिकावयाचा नाही. अपराध आहे तो मिसळीचे प्रमाण लपविण्यात. या लपवाछपवीला गिऱ्हाइकाचे अज्ञानही साह्य करते. 'केडीएम' या तीन अक्षरांचेच पाहा. कॅडमियम मिसळलेल्या डाकाने जोडकाम केले, एवढाच त्यांचा अर्थ. पण वर्षानुवर्षे ती शुद्धतेची ग्वाही म्हणून मिरवली. कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक, ही गोष्ट मात्र कोणी पावतीवर छापली नाही.

भारतीय मानक ब्युरोने २००० साली सुरू केलेली हॉलमार्क योजना दोन दशके ऐच्छिकच राहिली. १६ जून २०२१ पासून ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली व पुढे टप्प्याटप्प्याने विस्तारली. आता दागिन्यावर ब्युरोचे चिन्ह, '२२के९१६' यासारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असे तीन ठसे हवेत. हा क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. ठसे बारीक असतात, म्हणून दहापट मोठे दाखविणारे भिंग मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. सराफाच्या ओळखीखातर ते मागण्याचा संकोच वाटतो, आणि हाच संकोच महागात पडतो.

तथापि सक्तीला फटीही आहेत. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तू, कुंदन व जडावाचे काम तिच्या कक्षेबाहेर आहेत. गरिबाघरचे मणी, नथ, कुडी बहुधा त्या दोन ग्रॅमांच्या आतच बसतात. ज्याला फसवणूक सर्वांत जड जाते त्यालाच संरक्षण नाही, हा न्याय अजब म्हणावा लागेल. लाख भरलेल्या बोरमाळेसारख्या दागिन्यात तर लाखेचे वजन वेगळे लिहून घेतले नाही, तर लाखही सोन्याच्या भावाने विकत घेतली जाते.

ठशाहून शुद्धता कमी निघाल्यास तुटीच्या किमतीची दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च विक्रेत्याने द्यावा, असे २०१८ चे नियम सांगतात. पण ती मागावयाची तर निव्वळ वजन, कॅरट व हॉलमार्कचे शुल्क लिहिलेली पक्की पावती हाती हवी, आणि कर वाचविण्याच्या मोहाने कच्च्या चिठ्ठीवर सोने घेणारे गिऱ्हाईक नेमकी तीच दुकानात सोडून येते.