बारशाच्या आत

बाळ जन्मल्यानंतर सहाव्या रात्री सटवी येते आणि त्याच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. शहरातील सुशिक्षितांचा आज त्या समजुतीवर विश्वास उरलेला नाही. तथापि काही अर्भकांच्या जीवनमरणाचा निर्णय खरोखरच त्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होतो, आणि टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या चार-दोन थेंबांवरून तो आधीच ओळखता येतो व टाळताही येतो, ही गोष्ट याच सुशिक्षितांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

आमचा रोख आहे तो ‘जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी’ या विकाराकडे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहानशा ग्रंथी असतात. शरीरातील मीठ राखणारी आणि आजारपणात देह सावरून धरणारी संप्रेरके त्या निर्माण करतात. आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या मुलात ही संप्रेरके घडविणारे एक विकर अपुरे पडते. त्यांची निर्मिती खुंटते आणि पौरुष-संप्रेरकांचे प्रमाण मात्र भलतेच वाढते. विकार तीव्र स्वरूपाचा असला तर त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या शरीरातून मीठ सतत वाहून जाते. घरात बारशाची तयारी चाललेली असते, पाळणा सजलेला असतो, आणि त्याच सुमारास बाळ दूध ओढीनासे होते, ओकाऱ्या काढू लागते, त्याला शोष पडतो. योग्य निदान वेळेवर झाले नाही तर दोन-तीन दिवसांत सर्व आटोपते.

या विकारातील सर्वांत करुण गोष्ट पुढेच आहे. मुलीच्या जननेंद्रियांची ठेवण जन्मतःच वेगळी दिसत असल्यामुळे निदान जाणत्या डॉक्टरची नजर तेथे थबकते. मुलगा मात्र सर्वस्वी निरोगी दिसतो. हा विकार मुलगे आणि मुली यांना सारख्याच प्रमाणात होतो. असे असूनही जेथे नवजातांची तपासणी होत नाही तेथे निदान झालेल्या रुग्णांत मुलगे कमी आढळतात. मग उरलेले मुलगे गेले कोठे? त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत जुलाब किंवा जंतुसंसर्ग असे काहीतरी लिहिले गेले, आणि आईने ते आपले नशीब म्हणून सोसले, हेच त्याचे उत्तर होय. मुलींचे दुःख निराळे आहे. कित्येकींची नोंद प्रथम मुलगा म्हणून होते. पुढे सत्य उघडकीस आल्यावर घर लाजेने तोंड मिटून बसते. ज्या गोष्टीत कोणाचाही दोष नाही तिची लाज बाळगणे ही केवळ अज्ञानाची देणगी आहे.

हे अज्ञान विज्ञानाचे नव्हे. नेपल्सच्या लुइजी दे क्रेक्कियो यांनी १८६५ साली पुरुष म्हणून जगलेल्या एका व्यक्तीच्या शवविच्छेदनात गर्भाशय आणि अतिशय वाढलेल्या अधिवृक्क ग्रंथी पाहिल्या व तसे लिहून ठेवले. १९५० साली अधिवृक्क संप्रेरकांच्या संशोधनासाठी केंडाल, राइखश्टाइन आणि हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बाल्टिमोर येथे लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन हा विकार काबूत आणता येतो हे दाखविले. १९७७ साली साँग्जा पँग, मारिया न्यू आणि त्यांचे सहकारी यांनी टिपकागदावर वाळविलेल्या रक्तातून त्याचा छडा लावण्याची रीत सिद्ध केली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने चार वर्षांवरील मुलांसाठी क्रिनेसरफाँट या नव्या औषधास संमती दिली. जग दुसऱ्या पायरीवर पोहोचले. आमच्या देशात मात्र सर्व नवजातांच्या तपासणीची पहिली पायरीच अद्याप बांधून व्हावयाची आहे.

‘रोग दुर्मीळ आहे’ ही सबब ऐकून आम्ही कंटाळलो आहोत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ५,७६२ बालकांमागे एकास हा विकार आढळला, आणि थायरॉइड ग्रंथीची जन्मजात उणीव तर १,१३० मागे एकास! देशात वर्षाकाठी सुमारे सव्वादोन कोटी बालके जन्मतात. याच प्रमाणाने हिशेब केला तर पहिल्या विकाराची सुमारे चार हजार आणि दुसऱ्याची वीस हजारांच्या घरात बालके दरवर्षी जन्मास येतात. थायरॉइडची उणीव वेळीच न ओळखल्यास मूल जगते, पण त्याची बुद्धी कायमची खुंटते. एका स्वस्त गोळीने हे टळू शकते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना ‘दुर्मीळ’ या शब्दाने कोणता दिलासा मिळणार?

कुपोषणाने मुले खंगत असताना या चाचण्यांवर पैसा का खर्चावा, असा आक्षेप घेण्यात येतो. तो प्रामाणिक आहे, पण टिकणारा नाही. एकाच टिपकागदावरील रक्तातून दोन्ही विकार तपासता येतात. प्रसूती बहुतांशी रुग्णालयांतच होतात, आणि आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहते. यंत्रणा उभी आहे. तिला आणखी एक काम सांगावयाचे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांत ही चाचणी पुष्कळदा खोटी धोक्याची घंटा वाजविते, आणि आमच्याकडे अशी बाळे फार. पण म्हणूनच आमच्या बाळांसाठी योग्य ती मोजमापे ठरविणारे संशोधन येथेच झाले पाहिजे. ते परदेशातील प्रयोगशाळा आपल्यासाठी करून देणार नाहीत.

गोव्याने २००८ साली नवजातांच्या तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला; केरळने तो सरकारी रुग्णालयांत नेला. महाराष्ट्राने मागे का राहावे? दुर्मीळ रोगांविषयी राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. परंतु निदानच झाले नाही तर धोरणातील मदत कोणाच्या हाती पडणार? महाराष्ट्र शासनाने प्रत्येक सरकारी व खासगी प्रसूतिगृहात जन्मानंतर ४८ तास उलटताच हे रक्त घेण्याची सक्ती करावी, आठवड्याच्या आत निकाल घरी पोहोचविण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी, आणि या मुलांना आयुष्यभर लागणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या तालुक्याच्या रुग्णालयात अखंड ठेवाव्यात. आमच्या वाचकांनीही घरात पाळणा हलणार असेल तेव्हा डॉक्टरांना या चाचणीविषयी स्वतः होऊन विचारावे. ज्यांना विचारणे सुचत नाही वा परवडत नाही, त्यांच्यासाठी सरकार आहे. बाळाचे नाव ठेवण्यापूर्वी त्याचा निकाल आईच्या हाती असावा, एवढीच आमची मागणी आहे. आणि ती आम्ही पुन्हा पुन्हा करीत राहू.