गेन कमी करा, गाणं पूर्ण करा

इलेक्ट्रिक गिटार आणि लॅपटॉप ज्या घरात एकत्र नांदतात, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "साउंडच येत नाहीये यार!"

आवाज येत असतो, भरपूर येत असतो. पण डोक्यात जो असतो ना, जाडजूड, छातीवर आदळणारा डिस्टॉर्शनचा आवाज, तो हा नव्हे. स्पीकरमधून जे बाहेर पडतं त्यावर स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "शेंगदाण्याचं कूट कोण करतंय आत्ता?"

यावर आपल्या आयटीवाल्या मंडळींचा उपाय ठरलेला. नवीन प्लगइन! शुक्रवारी रात्री डाउनलोड, शनिवारभर प्रीसेट चाळायचे, रविवारी संध्याकाळी कंटाळा, सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंग. पुढच्या शुक्रवारी अजून एक प्लगइन. वर्षाअखेरीला हार्ड डिस्कवर अर्धवट रिफ चाळीस आणि पूर्ण गाणी? शून्य.

माझं मत साधं आहे. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये डिस्टॉर्शनचा आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा अ‍ॅम्पच्या प्लगइनमध्ये नाही. तो त्याच्या आधी तरी बिघडलेला असतो, नाहीतर त्याच्या नंतर. आणि आपण सगळा वेळ आणि पैसा घालवतो तो मधल्या डब्यावर.

आधी थोडा इतिहास. डिस्टॉर्शन हा मुळात बिघाडच. १९५८ साली लिंक रे नावाच्या अमेरिकन गिटारिस्टने 'रंबल'साठी अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली. १९६४ मध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हीसने स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला आणि त्यातून 'यू रिअली गॉट मी'चा आवाज निघाला. हा अतिरेकीपणा आपल्याला परका वाटतो, पण नीट पाहिलं तर आपल्याकडे याचा फार सभ्य आणि फार जुना भाऊ आहे. तंबोऱ्याची जवारी.

तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकत नाही, ती घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागाला घासत घासत कंप पावते. त्या घासण्यातून वरच्या स्वरांचा, म्हणजे हार्मोनिक्सचा, तो गजबजाट तयार होतो. मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) जवारी बिघडली तर कारागीर काय करतो? घोडी थोडी घासतो, तार लावून ऐकतो, परत थोडी घासतो. तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवतो. दुसरा तंबोरा मागवत नाही. दुरुस्ती होते ती तार जिथे टेकते तिथे, म्हणजे अगदी उगमापाशी.

आता हेच आपल्या गिटारला लावून बघू.

पहिली गोष्ट, उगम. तारा गंजलेल्या असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना नवीन करत नाही, आणि पुण्यातला पावसाळा तारांना कसा वागवतो ते वेगळं सांगायला नको. ट्यूनिंग प्रत्येक टेकच्या आधी, आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोब्बर वरच्या सप्तकात लागतो का तेही बघायचं. गिटार ऑडिओ इंटरफेसच्या ज्या सॉकेटवर 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलंय (किंवा तसं बटण आहे) तिथेच लावायची. गिटारच्या पिकअपला साधारण दहा लाख ओहमचा इनपुट हवा असतो. लाइन इनपुटचा रोध त्याहून खूप कमी, म्हणून तिथे लावली की वरचे स्वर आधीच मेलेले. आणि लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात जोरात मारलेला फटका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. इंटरफेसच्या आतच आवाज फाटला तर ते डिस्टॉर्शन कोणालाच नको असतं.

घूं असा सततचा आवाज येतोय? तो ५० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या विजेचा आणि तिच्या पटींचा. लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून पाहा, प्लगला अर्थिंग आहे का बघा, आणि गिटारवर सिंगल कॉइल पिकअप असेल तर खुर्चीवर बसल्या बसल्या थोडं वळून पाहा. एका ठरावीक कोनात ही घूं चक्क कमी होते. फुकट उपाय आहे, पण पुणेकराला फुकट म्हटलं की शंका येते! (ह. घ्या.)

दुसरी गोष्ट, गेन. हे सगळ्यात अवघड, कारण इथे अहंकाराचा प्रश्न असतो. डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचा माथा छाटणं. माथा छाटला की नवे हार्मोनिक्स तयार होतात, पण त्याच वेळी जोरात आणि हळू यांतला फरकही जातो. गेन दहावर नेला की प्रत्येक फटका सारखाच. पाम म्यूट करताना जो 'धप्प' हवा असतो तो जातो आणि एकसलग भिंत उरते. खोलीत एकट्याने वाजवताना ती भिंत भारी वाटते. गाण्यात तिचा चिखल होतो. मोठमोठ्या मेटल अल्बममधला गिटारचा एकटा ट्रॅक कधी ऐकायला मिळाला तर जरूर ऐका. अपेक्षेपेक्षा किती कमी गेन असतो ते कळतं. जाडी येते ती एकावर एक ट्रॅक रचल्यामुळे.

याच मुद्द्याचं पुढचं पाऊल. खर्जाचा चिखल काढायचा तो डिस्टॉर्शनच्या आधी, नंतर नाही. आपण काय करतो, आधी सगळं फाडतो आणि मग ईक्यूने खालचा भाग कापत बसतो. पण खर्जाच्या भरपूर ऊर्जेने वरचे स्वर आधीच बिघडवलेले असतात, ते कसे कापणार? प्रोग्रामरला सांगायचं तर व्हॅलिडेशन फॉर्मवर करायचं, डेटाबेसमध्ये कचरा गेल्यावर नाही. म्हणून मेटलवाले ट्यूब स्क्रीमर हे जुनं हिरवं पेडल अ‍ॅम्पच्या आधी लावतात. त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल पूर्ण. ते साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्लिपिंगच्या आधी हलका करतं. बहुतेक सगळ्या अ‍ॅम्प प्लगइनमध्ये त्याची नक्कल असतेच. मग रिफ एकदम आवळल्यासारखा होतो.

आता सा-प. डिस्टॉर्शनवर लोक पूर्ण कॉर्ड न वाजवता पॉवर कॉर्ड का वाजवतात? पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, बस्स. तंबोऱ्यावर नेहमी लावतात तेच दोन स्वर. दोन स्वर एकत्र फाडले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर जन्माला येतात. जाड ई तार ८२.४ हर्ट्झ आणि तिचा पंचम १२३.५ हर्ट्झ. वजाबाकी ४१.१, म्हणजे खालच्या सप्तकातला तोच सा! न वाजवलेला खर्ज फुकटात मिळाला. पण त्याच्यात गंधार आणि इतर स्वर मिसळून पूर्ण कॉर्ड फाडला की बेरजा-वजाबाक्या भलत्याच ठिकाणी पडतात आणि 'चांगला आवाज येत नाही' ही तक्रार सुरू होते. अशा वेळी कॉर्डचे स्वर वेगवेगळ्या ट्रॅकवर वाजवा, किंवा गेन अजून उतरवा.

तिसरी गोष्ट, अ‍ॅम्पच्या नंतरची, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. स्पीकर कॅबिनेट. गिटारचा बारा इंची स्पीकर हा काही हाय-फाय स्पीकर नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने हात टेकतो, आणि ते आपल्यावर उपकारच असतात. कूट करणारा तो आवाज त्याच्याही वरच असतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅम्पच्या पुढे इंपल्स रिस्पॉन्स लावतात. एक स्पीकर, एक माइक, त्याची एक जागा, या सगळ्याचा तो ध्वनीतला फोटो. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सँपल म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंदांची फाइल, पण ती बदलली की आवाज जितका बदलतो तितका अ‍ॅम्पचं मॉडेल बदलूनही बदलत नाही. माइक स्पीकरच्या मध्यावर असेल तर आवाज धारदार, कडेला असेल तर मऊ. तीनशे फाइल उतरवू नका. तीन निवडा, बाकीच्या डिलीट करा.

एवढं करूनही वर कुठेतरी काचेसारखं किरकिरत असेल तर ते एलिअसिंग असू शकतं. उदाहरणार्थ, ५ किलोहर्ट्झचा सातवा हार्मोनिक ३५ किलोहर्ट्झचा. ४८ किलोहर्ट्झच्या सँपलिंगमध्ये तो मावत नाही, मग उलटा दुमडून १३ किलोहर्ट्झवर येऊन बसतो. त्या जागेचा तुमच्या स्वराशी काही संबंध नसतो, म्हणून तो कानाला टोचतो. प्लगइनमध्ये ओव्हरसँपलिंगचं बटण असतं, ते मिक्स करताना चालू करा. प्रोसेसरचा पंखा ओरडेल, ओरडू दे.

मग रचना. तोच रिफ दोनदा वाजवायचा, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. कॉपी-पेस्ट चालत नाही! दोन्हीकडे तंतोतंत तीच फाइल असेल तर कान तिला मधोमधच ऐकतो. हाताने दोनदा वाजवताना जो बारीकसा फरक पडतो त्यानेच रुंदी येते. आणि इथेच खरी मेख आहे. दोनदा तेच वाजवायचं म्हणजे तो रिफ वाजवता यायला हवा. याचं प्लगइन अजून कोणी विकत नाही.

शेवटी ऐकणं. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिलं की कमी आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात. आपण रात्री अकराला हेडफोनवर हळू आवाजात गिटारचा सूर जुळवतो, मग साहजिकच खालचं आणि वरचं वाढवतो आणि मधलं कापतो. पण गिटार राहते मधल्यातच. खाली बास आणि बास ड्रम, वर झांजा. मधलं कापलं की ड्रम सुरू झाल्याबरोबर गिटार गायब. म्हणून आवाज ठरवायचा तो ड्रम आणि बास चालू असताना. एकट्याने ऐकताना जरा पातळ, नाकातला वाटणारा आवाज गाण्यात बरोबर बसतो.

तुम्ही म्हणाल, खरा ट्यूब अ‍ॅम्प तो खराच. मान्य. पण ट्यूब अ‍ॅम्प आणि त्याचा स्पीकर रंगात यायला जो आवाज लागतो तो टू बीएचकेमध्ये काढून दाखवा, तोही दुपारी एक ते चारच्या दरम्यान. सोसायटीचं पत्र तयारच असेल. आपल्यासारख्यांसाठी सॉफ्टवेअर ही तडजोड नसून योग्य साधन आहे. आणि उत्तम साधन आता फुकट मिळतं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हा खऱ्या अ‍ॅम्पचं वागणं शिकून घेणारा प्लगइन ओपन सोर्स आहे. त्यामुळे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरायला आता काही सबबही उरलेली नाही. ज्यांचा पगारच सॉफ्टवेअरवर होतो त्यांनी दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स फोडायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. असो.

घरातून काम होत नाही म्हणणाऱ्यांसाठी दिल्लीच्या केशव धरचं उदाहरण पुरेसं आहे. त्याने घरच्या घरी रेकॉर्ड करत सुरू केलेला स्कायहार्बर हा प्रकल्प. २०१२ मध्ये त्याचा पहिला अल्बम ब्रिटनच्या बेसिक रेकॉर्ड्सने काढला. एका भागात इंग्लंडचा डॅनिएल टॉम्पकिन्स गायला, दुसऱ्यात मुंबईच्या 'भयानक मौत'चा सुनीत रेवणकर. केशवच्या आधी आणि नंतरही हजारो लोकांकडे साधारण तसलीच साधनं होती. फरक एवढाच की त्याने गाणी पूर्ण केली.

आणि ऐकणारे नाहीत असंही नाही. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव याच गावात भरत आला आहे, आणि २०१० मध्ये एनएच७ वीकेंडरही इथेच सुरू झाला. या गावाला कान आहेत. कमी पडतात ती पूर्ण झालेली गाणी. आवाज शोधणं हे फार सोज्वळ दिसणारं टाळणं आहे. त्यात मेहनत केल्यासारखं वाटतं आणि गाणं वाईट निघण्याची भीती पुढच्या शनिवारवर ढकलता येते. सेटिंग कधी नापास होत नाही. गाणं होऊ शकतं.

म्हणून या वीकेंडला एक करा. फोनवर तीस मिनिटांचा टायमर लावा. नवीन तारा, लेव्हल, कमी गेन, एक स्पीकर फाइल, एवढंच. टायमर वाजला की जो आवाज असेल तो सेव्ह करा आणि प्लगइनची खिडकी बंद करा. मग त्या चाळिसातला एक रिफ घ्या, त्याला एक सुरुवात आणि एक शेवट द्या, आणि रविवारी रात्री झोपायच्या आधी फाइल एक्स्पोर्ट करा. बरी नसली तरी करा. दुसऱ्या गाण्याचा आवाज पहिल्यापेक्षा चांगला येतो, पण त्यासाठी पहिलं असावं लागतं :)