ठेचा कोणाचा?

ठेच्यात दाणे घालावेत की नाहीत, यावरून मराठी घरांत होणारे वाद वरकरणी जिभेचे वाटतात. मुळात ते अधिकाराचे असतात. ‘आमच्याकडे असा करत नाहीत’ हे वाक्य नीट तपासावे. त्यातल्या ‘आमच्याकडे’मध्ये जी रोज ओट्याशी उभी असते ती सून धरलेली नसते. तिच्या माहेरी मिरच्या तेलावर परतून, लसूण व जाडे मीठ घालून, तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडत असतील. सासरी कच्च्या मिरच्या खलबत्त्यात कुटून वर लिंबू पिळत असतील. दोन्हींमागे पिढ्या उभ्या आहेत. तरीही एकीला परंपरा म्हणायचे, दुसरीला नुसती सवय. आणि सवय मोडायची ती सुनेनेच.

या दंडेलीला ‘अस्सल’ या शब्दाचा टेकू दिला जातो. तो पोकळ आहे. मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांबरोबर. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली तेव्हा महाराष्ट्राला तिखटासाठी मिरी ठाऊक होती, मिरची नव्हे; नवागत मिरचीने नावसुद्धा मिरीवरूनच घेतले. ज्या शेंगदाण्याला शुद्धतावादी भेसळ ठरवतात, तोही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. म्हणजे एक पाहुणा यजमान होऊन बसला आहे आणि दुसऱ्याला दारातून हाकलतो आहे.

भाषेचीही साक्ष काढावी. ‘ठेचा’ ठेचण्यावरून आला, ‘खरडा’ खरडण्यावरून. दोन्ही नावे कृतीची आहेत, जिनसांची नव्हेत. नावाने दिलेली मुभा घराण्यांनी काढून घेतली.

यावर ठरलेला आक्षेप असा, की प्रत्येकीचे चालवले तर घराची चव उरणार कशी? पण ‘घराची’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या चवीत आजच्या सासूच्या माहेरचे काहीच मिसळलेले नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल? हरवते ते वेगळेच. सुनेच्या माहेरची कृती कोठे लिहिलेली नसते, ती तिच्या हातात असते. हात थांबवला की एका पिढीत ती संपते.

बोलीला अशुद्ध म्हणू नये, असे आपण प्राध्यापक मंडळी वर्गात आग्रहाने शिकवतो. तो आग्रह घरी जेवायला बसताना उंबऱ्याबाहेर का राहावा? ताटाच्या डाव्या बाजूला दोन ठेचे सहज मावतात.